पिंपळाच्या ढोलीतल्या शिंपल्यांची बखर

श्रीशारदेस नमन, आणि तिला दप्तरात कोंडणाऱ्यांस लांबूनच. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरी, चैत्रमासी एका राज्यात ऐसे वर्तले की, दिवाणसाहेबांनी नदीकाठी दोनशे कोष्टीघरांची पेठ वसविण्याचा मनसुबा केला आणि जागा पाहावयास कारकून गिरमाजी नारायण यांस रवाना केले. गिरमाजी पायी फिरून पाहणारे; मग त्यांनी काठावरच्या येसू कोळणीस पुसिले. ती बोलली, "धनी, हितं माणसं नगा बसवू. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला पाणी त्या पिंपळाच्या ढोलीपातुर चढलं हुतं. हात घाला, शिंपल्या गावतील." गिरमाजींनी टाचा उंचावून हात घातला आणि मूठभर शिंपल्या निघाल्या. मग त्यांनी चार बंद कागद लिहिले की, येथे पूर पुरुषभर चढतो, वस्ती करू नये, आणि सोबत शिंपल्या पुरचुंडीत बांधून धाडल्या.

परंतु त्या दरबारी वहिवाट ऐसी की, दिवाणसाहेब एका ओळीहून अधिक वाचीत नसत, आणि कागद ज्याच्या हाती जाई तो त्याचा गोषवारा करी. फडणिसांनी चार बंदांच्या चार ओळी केल्या आणि शिंपल्या दप्तरी लावता येत नाहीत म्हणोन उकिरड्यावर टाकविल्या. मग चिटणिसांनी चाराच्या दोन केल्या, आणि कारभाऱ्यांनी धन्याची मर्जी आधीच जाणोन एक केली: "गिरमाजींनी जागा पाहिली, पाणी मुबलक." दिवाणसाहेब संतोष पावले आणि वैशाखी पेठ वसली. गिरमाजींनी देवडीवर खेटे घातले, आणि दर खेपेस उत्तर एकच, "कागद पोचला आहे." मग श्रावणी पूर आला. येसूने तीन खेपा करून माणसे काढिली. चौथ्या खेपेची होडी रिकामी सापडली.

मग गिरमाजींसच दरबारी उभे केले. दिवाणसाहेब बोलिले, "पाणी मुबलक, हे तुमचेच ना?" गिरमाजींच्या तळपायाची आग मस्तकी गेली आणि त्यांनी उपरण्यात बांधून आणलेल्या नव्या शिंपल्या गालिच्यावर ओतल्या आणि म्हणाले, "माझे चार बंद वाचा. येसू कोळणीने सांगितले होते."

"वेळ नाही. गोषवारा सांगा."

"एक्केचाळीस माणसे मेली."

चिटणिसांनी ते लिहून घेतले.

सारांश, सांगणारी बुडाली आणि न वाचणारे कोरडे राहिले, त्यांचे वाटोळे होवो. तो कागद पुढे आणखी तीन हातांतून गेला. आता त्यावर एवढेच आहे: एक्केचाळीस.