तिसरी हाक

आमचे शेजारी अंताजीपंत तिसऱ्या हाकेशिवाय दार उघडत नसत. भुताला दोनदाच हाक मारता येते, असं आमच्या चौक गावात सगळेच मानतात. पण ते दिवस मावळल्यावर. पंत भर दुपारीही हाका मोजायचे. दूध घालणारी कोंडाबाई रोज ओसरीवरून ओरडायची, "पंत, दूद हाय! भूत नाय! भुताकडं म्हस कुठली?"

आतून शांतपणे उत्तर यायचं, "एक झाली."

"सावध राहिलेलं बरं," हे त्यांचं पालुपद. आगगाडीत बसायचे नाहीत. कर्जतला जायचं तर पायी. विंचू असेल म्हणून जोडा तीनदा आपटायचे, आणि विंचू निघाला नाही की जास्तच घाबरायचे. मग गेला कुठे?

अशा माणसाने दर दिवाळीच्या पाडव्याला देवळापुढच्या नाटकात राजा व्हावं, ही आमच्या गावची गंमत. नाटक जुनं, गावाला तोंडपाठ. दाराशी येणारा पाहुणा तुझा काळ ठरेल, असं ज्योतिषी राजाला सांगतो. राजा घाबरून दरवाजे लावून घेतो आणि त्याची सख्खी बहीण बाहेर राहते. पुढचे चार अंक लढाई. "द्वारपाला, दार लाव!" हे वाक्य पंत असं म्हणत की पुढे बसलेली पोरं आयांना बिलगत.

तालमीत एकदा मी म्हटलं, "राजा दुष्टच म्हणायचा."

"दुष्ट नाही हो मास्तर, भ्यालेला आहे," पंत म्हणाले. "भ्यालेला माणूस आधी दार लावतो. बाहेर कोण राहिलं, ते त्याला मागून कळतं."

मी नाटकाची वही मिटली. प्लेगाच्या साली त्यांची धाकटी बहीण यमुना लोधिवलीहून दोन पोरं घेऊन आली होती. तिच्या सासरी उंदीर पडले होते. तिने तीन नव्हे, दहा हाका मारल्या. दार उघडलं नाही. माझ्या शेतातल्या झोपडीत तिने महिना काढला. मीही तिला घरात घेतलं नाही, हे सांगायला हवं. पोरं वाचली, पण त्यानंतर यमुनाने भावाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही.

यंदा पाडव्याला ती नाटकाला आली आणि बायकांत मागे बसली. राजाने तिला पाहिलं. ज्योतिष्याचं भाकीत सांगून झालं, द्वारपाल भाला टेकून उभा राहिला, आणि राजा बोलेचना. मी पडद्याआडून वाक्य पुरवलं. दोनदा. शेवटी पंत अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "दार उघड रे. बाहेर बहीण आहे माझी."

नाटक पहिल्याच अंकात संपलं. लाकडी तलवारी घेऊन बसलेलं सैन्य मला विचारत राहिलं, "मास्तर, आता आमी लढायचं कुनासंगं?" यमुना उठून गेली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळी मी ओसरीवर होतो. यमुना ताम्हन घेऊन बैलगाडीतून उतरली, पंतांच्या बंद दारापुढे बराच वेळ उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, "दादा."

एकच. दुसरी हाक ती मारणार नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कडी वाजली. दार सताड उघडलं.

"ये गं," पंत म्हणाले. "पाट मांडलेलाच आहे. दर वर्षी मांडतो."