नथ्थूजींचे न बदलणारे रंग

आमच्या शेजारचे नथ्थूजी रस्त्याने चालताना दिसेल त्या वस्तूचा रंग फ्रेंचमध्ये सांगत. गाय दिसली की 'मारों', पोलीस दिसला की 'काकी'. एकदा माझ्या साहेबांच्या नव्या स्वेटरला त्यांनी भर चौकात 'ओलिव' म्हटले. साहेबांनी तो पुन्हा घातला नाही.

तांडापेठेत चाळीस वर्षे ते विणकरांचे सूत रंगवत आले होते. बायको गेल्यावर ते एकटेच राहत. मुलगी सुमन नर्स होऊन फ्रान्सला गेली आणि तिथलीच झाली. नात सहा वर्षांची. आजोबांनी तिला पाहिलेले नव्हते, आणि तिला फ्रेंचखेरीज काही येत नव्हते. दोघी डिसेंबरात अकरा दिवसांसाठी येणार असे पत्र आले, तेव्हा नथ्थूजींनी सीताबर्डीवरून एक जुने फ्रेंच व्याकरण आणले. ते इंग्रजीत होते, म्हणून दर रविवारी वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच धड्यात गाडी अडली. विशेषण पुरुषाला एक, बाईला दुसरे, अनेकांना तिसरे. "बोलाले गेलो अन् चुकलो, त पोरगी हासन मले," ते म्हणाले. पुढे एका पानावर न बदलणारी विशेषणे निघाली. संत्र्यावरून, लिंबावरून घेतलेले रंग; बाई असो, माणूस असो, एक असो की शंभर, शब्द तोच. नथ्थूजी खूश झाले. खाकी तर फ्रेंचांनी आपल्याकडूनच उचलला, असे ते ठासून सांगत. सात महिन्यांत एकोणीस शब्द पाठ झाले. त्यात क्रियापद एकही नव्हते. मी तसे सुचवले, तर रंगाऱ्याले ते काहून पाह्यजे, असे त्यांनी मलाच विचारले.

नात आली. अंगणात दोरीवर सुताच्या ओल्या लड्या वाळत होत्या, त्यांच्यामधून येणारे थंडीतले ऊन जमिनीवर सावकाश हलत होते. नथ्थूजी एकेका लडीला हात लावून शब्द म्हणत, ती मागून म्हणे. दोघे लड्यांत दिसेनासे होत, नुसते आवाज येत. मी त्यांच्या ओट्यावर बसून ऐकत राही. कचेरीला दोनदा उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी तिने त्यांना थांबवून काहीतरी लांबलचक विचारले. नथ्थूजींनी नीट विचार केला आणि पिवळी लडी पुढे धरली. "सित्रों."

माझ्याजवळ तांदूळ निवडणाऱ्या सुमनचे हात थांबले. काय विचारते ती, मी म्हणालो.

"विचारून राह्यली, या घरात तुम्ही एकटेच झोपता, त भेव नाही लागत का."

नथ्थूजींना सांगावे की नाही, मी ठरवत होतो. तेवढ्यात तेच माझ्याकडे वळले. "बरोबर झालं ना गा भाऊ?"

मी सांगून टाकले.

ते लडीचा गुंता सोडवत बसले. गुंता फारसा नव्हता.

"लागते ना," शेवटी ते म्हणाले. "सुमन, सांगून दे वं तिले. लागते म्हणा."

सुमनने सांगितले. दुपारी नात आपली उशी ओढत आली आणि त्यांच्या खाटेवर भिंतीच्या बाजूला ठेवून गेली. उरलेल्या आठही रात्री ती तिथेच झोपली.