आमेन राहिलं

सव्वीस डिसेंबरला काही झालं तरी उठायचं नाही, असं पास्टर सत्यजितांनी ठरवलं होतं. आणि का ठरवू नये? महिनाभर घरोघर कॅरोल गाऊन घसा बसलेला, वर नाताळची उपासना. बिचारे उभ्या उभ्या पेंगत होते. बाहेर लखनौचं धुकं, आत ऊबदार रजई. बायकोने, मृणालने, फोनसुद्धा बंद करून ठेवला.

फोन लागेना, म्हणून सरोजिनी नगरचे ईश्वर भैया स्कूटरवरून दारात हजर.

"पास्टरजी, बाबूजी गए तब से अम्मा सोई नहीं हैं. बस पाँच मिनट, दुआ कर दीजिए."

पास्टरांनी केविलवाणं मृणालकडे पाहिलं.

"जा हो," ती म्हणाली. "देवाच्या कामात आपले बेत जरा सैल ठेवावेत, असं रविवारी तुम्हीच सांगितलंत ना?"

"अगं, ते मंडळीसाठी होतं!" पास्टर कळवळले आणि मफलर गुंडाळून निघाले.

पाच मिनिटं कसली! गल्लीत पहिल्याच घरी चहा झाला. तिथे घेतला म्हणून शेजारी केक खावा लागला. तिसरं घर रुसू नये म्हणून तिथेही टेकले. शेवटी सगळी गल्लीच प्रार्थनेला मागोमाग ईश्वर भैयांच्या गच्चीवर आली.

धुकं विरलं होतं, कोवळं ऊन पसरलं होतं. द्रौपदी अम्मा खाटेवर पडल्या होत्या, डोळे लालबुंद. पास्टर शेजारच्या खुर्चीत बसले. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे स्वर्गीय पिता, अपनी बेटी को... विश्राम..."

ऊन पापण्यांवर उतरलं. पास्टर तरंगतच कुठल्या कुठे गेले. गल्ली ढगांवरून चालली होती आणि कुणीही चहा विचारत नव्हतं.

आमेन होईना, म्हणून कुणी डोळे उघडेना. मग घोरणं सुरू झालं. अगदी दणदणीत! ईश्वर भैया लाजेने अर्धमेले झाले. त्यांनी हळूच एक डोळा उघडला, पास्टरांना हलवायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

अम्मा गाढ झोपल्या होत्या.

दुपार कलल्यावर दोघं जागे झाले. पास्टर शरमेने लाल. "अम्मा, माफ कीजिए, मैं तो..."

"चुप रहो बेटा." अम्मांचे डोळे भरून आले होते. "इतने दिन बाद घर में किसी ने खर्राटे लिए. बिल्कुल उनके जैसे."

ईश्वर भैयांनी हात जोडले. "पास्टरजी, कल भी पाँच मिनट आ जाते..."

"पाँच मिनट में क्या होगा, भैया?" पास्टर गंभीरपणे म्हणाले. "दोपहर भर की सेवा रखिए. और चाय मत बनवाइएगा."