हरकरेकाकांचं अंतराळयान

हरकरेकाकांना परग्रहावरच्या लोकांच्या सांडपाण्याची काळजी वाटते. थट्टा करत नाही मी. खरोखरची, तोंडचं पाणी पळवणारी काळजी. बँकेनं माझी बदली जबलपूरला केली आणि मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले, त्याच आठवड्यात ते धापा टाकत जिना चढून आले. मला वाटलं, टाकी फुटली. मी आधीच घाबरट.

"बेटा, अंतराळयानात कणिक कशी मळायची? वजनच नाही तिथं. पीठ उडून नाही जाणार?"

"झाकणाखाली मळायची," मी सुटका करून घ्यायला म्हणाले. काका इतके खूश झाले की तासभर हललेच नाहीत.

काका संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. आयुष्यभर सुटे भाग पास-नापास केले आणि निवृत्त झाल्यावर तीच नजर देशोदेशीच्या विज्ञानकथांकडे वळवली. अद्भुतकथाही सोडल्या नाहीत. भुतं, जादू, प्रकाशाच्या पुढं पळणारी यानं, कशालाच त्यांची हरकत नसते. "चलो, मान लिया," हे त्यांचं पालुपद. अडतात ते त्याच्या पुढं.

"चलो, मान लिया, ड्रॅगन उडाला. पण त्याची लीद कोण उचलून राहिलं?"

"चलो, मान लिया, हजार खोल्यांचा राजवाडा. संडास कुठाय?"

सगळ्या ग्रहांवर खानावळीत एकच रस्सा कसा मिळतो, यावर ते तावातावानं बोलतात. कुठल्याशा दूरच्या देशातल्या गोष्टीत एक बाई चंद्रावर जायला निघता निघता सासूला ओरडून सांगते, गॅसवर दूध आहे. काकांनी ती गोष्ट "पास!" केली आणि त्या आनंदात मला पोहे आणून दिले. "जादू खोटी असली तर चालते बेटा, घर खोटं नाही चालत."

काकू गेल्यावर ते स्वतःच लिहायला लागले, इंग्रजीत. त्यांच्या गोष्टीत एक यान दूरच्या ताऱ्याकडे निघालंय. प्रवास इतका लांबचा की पिढ्या यानातच जन्मतात आणि यानातच सरतात. त्यात जबलपूरचा एक म्हातारा आणि त्याचा नातू. म्हातारा मराठीत बोलतो, नातू हिंदीत उत्तर देतो. शेवटपर्यंत.

ही गोष्ट त्यांनी एका परदेशी मासिकाला पाठवली. संपादक बाईंचं उत्तर आलं. गोष्ट आवडली होती, पण दोन बदल हवे होते. एक, यात भारत दिसत नाही, एखादं देऊळ किंवा मसाल्यांचा वास टाका. दोन, एकाच घरातली माणसं जन्मभर दोन भाषांत बोलतात हे पटत नाही, दोघांच्या कानात भाषांतराचं यंत्र बसवा. शुक्रवारपर्यंत बदल करून पाठवलं तर छापू.

पहिल्या बदलावर काका खूप हसले. "यानात हत्ती बांधू का?" दुसरा मात्र त्यांनी दोनदा वाचला.

"बसवून टाका यंत्र, काका. त्यात काय एवढं," मी म्हणाले.

"हो. बघतो," म्हणाले आणि खाली गेले.

मग काही दिवस जिन्यात पाऊल वाजलं नाही. आधी मला हायसं वाटलं, नंतर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि शुक्रवारी दुपारी बँकेत फोन आला तो निखिलचा. निखिल म्हणजे काकांचा एकुलता एक मुलगा, हैदराबादला असतो.

"दीदी, बाबा की तबियत ठीक है ना?"

"का? काय झालं?"

"वो मुझसे मराठी छोड़कर हिंदी में बात कर रहे हैं." तो एका दमात बोलत होता. "तीन-चार दिन से. कल पूछा, भोजन किया? दीदी, बाबा ने ज़िंदगी में कभी भोजन नहीं बोला. कुछ छुपा रहे हैं. कोई रिपोर्ट आई है क्या?"

मॅनेजरला काहीतरी सांगून निघाले. ओमती चौकातल्या गर्दीत स्कूटर अडकली तेव्हा मनात नाही नाही ते येऊन गेलं.

दार उघडंच होतं. काका धडधाकट, लॅपटॉपसमोर बसलेले. मला रागच आला.

"काका, निखिलशी हिंदीत का बोलताय?"

त्यांनी चष्मा काढला. "त्या बाईनं लिहिलं ना, असं कोणी बोलत नाही म्हणून. मी विचार केला, खरं आहे. पोरगा लहानपणापासून समजून घेऊन राहिला, अन् मी माझंच घोडं दामटून राहिलो. त्याला काहून त्रास? म्हटलं, यापुढं हिंदीत बोलू. सोपं जाईल त्याला."

"आणि तुम्हाला?"

"माझं काय बेटा. तुझी काकू होती तोवर मराठीत विचारलं की मराठीत जवाब येत होता. आता तू आहेस वरती. नाहीतर या गुडघ्यांनी रोज जिना काहून चढतो मी?"

मला फार वाईट वाटलं. त्यांचे प्रश्न मी किती वेळा घाईघाईत उडवून लावले होते! पडद्यावर बदललेली गोष्ट होती. म्हाताऱ्याच्या आणि नातवाच्या कानात यंत्रं बसली होती, फक्त पाठवायची बाकी होती.

"घाबरलाय तो, काका. त्याला वाटतंय, तुम्हाला मोठा आजार झालाय."

"हिंदीत बोललो म्हणून?"

"हिंदीत बोललात म्हणून."

तेवढ्यात निखिलचाच फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला. "हां बेटा, बोलो," म्हणाले आणि अडखळले.

"बाबा, सच बताओ. क्या हुआ है?"

काका माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "काही नाही रे बाबू. जेवला का?"

पलीकडं निखिलनं मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "हां बाबा. खा लिया. आपने?"

"नाही अजून. खिचडी टाकून राहिलो."

"नमक कम डालना."

मी लॅपटॉपकडं बोट दाखवून खुणेनं विचारलं, पाठवायची? काकांनी मानेनं नको म्हटलं. डोळे पुसले आणि फोन तोंडाजवळ धरला.

"निखिल, एक गोष्ट लिहिली आहे मी. यानाची. ऐकतो का? मराठीत सांगतो."

"सुनाओ ना, बाबा."