दोन फोल्डर, एक ठकी

"दाढा! लग्नाच्या अल्बममध्ये किडक्या दाढा!" साहेब ओरडतच आत आले. "नवरीच्या मावशीला वाटतंय, मुलाकडच्यांनी लपवून ठेवलं होतं. लग्न मोडायला निघालंय, डागडुजी!"

कंपनीचं सॉफ्टवेअर लोकांच्या फायली ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचं आणि त्यातले दोष काढणाऱ्या या गृहस्थाला सगळे 'डागडुजी' म्हणत. दोष साधाच होता. दोघांनी फोल्डरला एकच नाव दिलं, की एकाच्या फायली दुसऱ्याकडेही दिसायच्या. फोटोग्राफरनं आणि दंतवैद्यानं नाव दिलं होतं 'हसरे चेहरे'.

"कधीपासून ऐकतोय, उद्या करतो, उद्या करतो. अडलंय कुठं?"

"जरा गुंतागुंत आहे, साहेब."

गुंतागुंत एवढीच, की घटस्फोटानंतर लेक आईकडे गेली आणि डागडुजीच्या वाट्याला तिच्या बाळपणीच्या फोटोंचं 'ठकी' नावाचं फोल्डर आलं. भांडण इतकं विकोपाला गेलं होतं, की भेटायची, फोन करायची वाटच बंद झाली. मग एके दिवशी त्या फोल्डरमध्ये एक जांभळा हत्ती येऊन बसला. पाठोपाठ दात पडलेली मुलगी, तीन पायांचं टेबल, चुकलेली गणितं. लेकीनंही आपल्या फोल्डरला आपलं लाडाचं नाव, 'ठकी'च दिलं होतं. तेव्हापासून हा दोष त्याला जिवापाड प्रिय झाला होता.

पण लग्नच मोडायला निघालं म्हटल्यावर त्याचा नाइलाज झाला. एक संसार मोडून झाला होता, दुसऱ्याचा मोडायची हौस नव्हती. त्यानं दोष काढला, नवी आवृत्ती सोडली. ऑफिसात टाळ्या वाजल्या. त्याला रडू फुटलं, ते लोकांना आनंदाश्रू वाटले.

'ठकी'त त्यानंतर काही आलं नाही. तो दर तासाला उघडून बघायचा.

आठवड्यानं हेल्पलाइनवरच्या बाई फोन घेऊन आल्या. "गिऱ्हाईक जाम चिडलंय हो. ज्यांनी बिघडवलं त्यांनाच द्या म्हणतंय. वय वर्षं आठ."

"काका," पलीकडून आवाज आला, "तुमचं नवीन सॉफ्टवेअर एकदम भंगार आहे. माझी चित्रं बाबांकडे जात नाहीत."

काका! तिला त्याचा आवाजही ओळखू आला नव्हता.

"आधी जात होती, हे तुला कसं कळलं?"

"बाबांकडचे माझे छोटेपणीचे फोटो माझ्याकडे दिसायचे ना! म्हणजे माझी चित्रं त्यांना दिसणारच. म्हणून तर मी रोज ठेवायचे. आता ते फोटो गेले. आईला विचारता येत नाही. तुम्ही नीट करा ना."

मीच बाबा, एवढं म्हणायचं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"तू... तू रोज फोन करून सांग, काय काढलंस ते. मी बाबांना सांगतो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

"मग लिहून घ्या. आज मांजर काढलंय. ते रुसलेलं नाहीये, त्याचं तोंडच तसं आहे. हे नीट सांगा हं, नाहीतर बाबांना वाईट वाटेल."

फोन ठेवून तो वळला, तर मागे साहेब उभे.

"काय, मिटली का तक्रार?"

"नाही, साहेब," डोळे पुसत डागडुजी म्हणाला. "उद्या परत येणार आहे."