चतुराबाईंनी माशीखाऊ झाड सुधारलं

"माझ्या घरात राहायचं तर माळकऱ्यावानीच राहावं लागंल," पेडगावच्या चतुराबाईंनी ठणकावून सांगितलं. कुणाला, तर अंगणातल्या कुंडीतल्या रोपट्याला!

सून अर्पितानं ते पुण्याहून आणलेलं. माशी बसली की पान मिटायचं, माशी गट्टम. ज्या घरात कधी अंड्याचं टरफल आलं नाही तिथं हे असलं राजरोस चालायचं म्हणजे काय? "आई, नुसतं पाणी घाला, बाकी हात लावू नका," असं बजावून अर्पिता माहेरी सेलूला गेली. तिची पाठ वळताच चतुराबाई कुंडी गावाबाहेर टाकायला निघाल्या. उचलून बघतात तर आत हराळी, घोळ, आणि झाडाला खेटून तुळशीचं रोप.

हराळी अन् घोळ त्यांनी उपटून फेकली. तुळशीला हात कसा लावणार?

"तेवढी काढून दुसरीकडं लाव," नवरा दिनकरराव म्हणाले.

"मुळं गुतलीत. मेली तर पाप तुमी घेता का?"

दिनकररावांनी पेपर उघडला.

मग चतुराबाईंनी झाडालाच वळण लावायचं ठरवलं. तुळशीच्या संगतीत काहीतरी गुण येईलच की. रोज कुंडीला हळदकुंकू, उदबत्ती आणि तुळशीपुढं गुळाचा खडा. दिसेल ती माशी पदरानं हाकलायच्या आणि समाधानानं आत जायच्या. झाड तर चांगलं बाळसं धरायला लागलं. "माशीबिगर कसं टुमटुमीत झालंय बघा. लय सुधारलं," त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

अर्पिता परतली त्या दिवशी भजनातल्या साऱ्या बायका हा चमत्कार बघायला जमलेल्या. चतुराबाईंनी गूळ ठेवून हात जोडले. गुळावर माश्या घोंगावल्या. त्यातली एक शेजारच्या पानावर जाऊन बसली. पान मिटलं.

नर्मदाबाई वाकून म्हणाल्या, "अगं बाई, हितं तर समदीच पानं मिटलेली हायेत."

अर्पिता सासूच्या पाया पडली. "आई, मला वाटलं उपाशी ठेवताल. तुमी तर पोटभर खाऊ घातलं त्याला."

चतुराबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या बायकांसमोर अब्रू गेली आणि ओरडायचं कुणावर? तुळशीवर ओरडता येत नाही. ओट्यावर दिनकरराव पेपराआड खुदुखुदू हसत होते.

"हसता काय? बाजारातून गूळ कुणी आणला? तुमी. मग माश्या तुमीच चारल्या त्याला. मी न्हाई."