धंतोलीचे इस्पितळी घंटी उशास आणिली, त्याची हकीकत

विघ्नहर्त्यास नमन, नागपूरनगरीच्या समस्त देवतांस नमन, आणि ज्या बारीक तारा छतात दडून मोठमोठ्या इमारतींचा कारभार चालवितात, परंतु उद्घाटनाच्या भाषणात ज्यांचे नाव कोणी घेत नाही, त्यांसही नमन. धंतोलीत, जेथे दर वळणावर एक इस्पितळ आणि दर इस्पितळासमोर एक औषधांचे दुकान व एक तर्रीपोहेवाला नांदतो, तेथे आणखी एक इस्पितळ उभे राहिले. त्याचे तिसरे मजल्यावर घंटीवरून जो संग्राम जाहला, त्यात कोण चढले, कोण पडले आणि कोण नुसते फोटोत उभे राहिले, ते वर्तमान साद्यंत लिहिले असे.

उमरेडचे विणकर घराण्यात सुशीलराव म्हणोन पुरुष निपजला. आजे-पणजे मागावर सूत ओढीत, याने इंजिनिअरीची सनद घेतली आणि भिंतींतून तारा ओढण्याचा ठेका पत्करिला. इमारतीवर जितके ठेकेदार तितकी संस्थाने. मोठ्या विजेचे सरदारास सर्व मुजरा करीत, कारण त्याचे तारेस हात लाविता मनुष्य प्राणास मुकतो. सुशीलरावांकडे कमी दाबाची खाती आली, म्हणजे रोग्याची घंटी, पहाऱ्याचे कॅमेरे, आगीचा भोंगा, इंटरनेट, टीव्ही आणि छतातले स्पीकर. या तारांस हात लाविला तरी मुंगीसुद्धा दचकत नाही, आणि जी तार झटका देत नाही तिला इमारतीवर काडीचा मान नाही.

परंतु या घंटीत सुशीलरावांचा जीव गुंतला होता. त्याचे कारण ऐसे की, त्यांच्या मातोश्री वच्छलाबाई यांचे घशास गाठ धरली होती, आणि इस्पितळाचे धनी डॉक्टर हेमराजसाहेब, जे घशाचे नामांकित शल्यवैद्य, त्यांनी उद्घाटन होताच पहिली शस्त्रक्रिया बाईंचीच करण्याचे ठरविले. त्यासोबत हुकूम दिला की, बाईंनी आतापासोन मौनाची सवय करावी आणि शस्त्रक्रियेपश्चात घशाची जखम भरेतो चकार शब्द काढू नये. ज्या बाईंची हाक उमरेडच्या आठवडी बाजारात या टोकाची त्या टोकास जात असे, त्यांस घंटीवाचून दुसरी वाचा राहणार नव्हती. म्हणोन सुशीलरावांनी ते काम जातीने केले, उशाचे भिंतीस तारेने लोंबते बटण लाविले, आणि बटण दाबिताच दारावर लाल दिवा लागून परिचारिकांचे मेजावर नाद होतो, ऐसी खातरजमा कामिनी सिस्टरांसमक्ष करोन घेतली.

मग ग्रह फिरले. हेमराजसाहेबांच्या मातोश्री बायजाबाई नरखेडाहून, संत्र्यांच्या पेट्यांसह, इमारत नजरेखालून घालण्यास दाखल जाहल्या. तिसरे मजल्यावर येताच त्यांनी पदर खोचिला, खिडकीतून सूर्य पाहिला, पलंग पाहिला, आणि अशा स्वरात विचारिले की खालच्या मजल्यावरील रंगाऱ्याचा ब्रश थांबला.

"हेमराज, पेशंटचं डोकं उत्तरेले? हे काय करून ठेवलं गा? इथं माणसं बरे व्हायले येऊन राहिले का जायले?"

साहेबांनी विदर्भातील असंख्य कंठ मोकळे केले, परंतु मातोश्रींपुढे त्यांचा स्वतःचा कंठ पूर्वापार बंदच असे. त्यांनी इतकेच केले की मान हलविली. आणि त्या एका मानेसरशी सर्व मजल्याचे पलंग फिरले, उशा दक्षिणेस गेल्या, आणि मग ध्यानात आले की घंटी रोग्याचे पायाशी उरली आहे आणि जो टीव्ही पायाच्या भिंतीस होता तो डोक्यामागे लटकतो आहे. आता रोग्याने पायाचे अंगठ्याने सिस्टरांस बोलवावे आणि मालिका मानेच्या पाठीने पाहावी, ऐसी आधुनिक व्यवस्था सिद्ध जाहली. प्राणवायूच्या नळ्यांचा ठेकेदार मात्र भाग्याचा. त्याने आरंभीच नकाशा उलटा धरोन सर्व नळ्या दक्षिणेच्या भिंतीस लाविल्या होत्या, आणि त्यापायी त्याचा रोज उद्धार होत असे. पलंग फिरताच तो उलटा नकाशा दूरदृष्टी ठरला, आणि साहेबांनी त्यास उद्घाटनात शाल देण्याचे जाहीर केले.

सुशीलरावांनी घरी जाऊन मातोश्रींस विनविले की, आपण तेवढे उत्तरेस डोके करावे. वच्छलाबाईंनी त्याकरिता मौन मोडिले. "मरन येईन तं येवो, उत्तरेले डोकं करून मी निजत नाही. आप्रेशनच राहू दे." इतके बोलोन त्यांनी मौन पुन्हा धारण केले, आणि मुलगा दोन मातोश्रींच्या कैचीत सापडला. फार दिलगीर जाहला. रात्रंदिवस एकच चित्र डोळ्यांपुढे येई की आई पलंगावर आहे, तिला श्वास लागला आहे, हाक मारिता येत नाही आणि बटण पायाशी लोंबते आहे.

तथापि धीर न सोडिता त्यांनी मोहीम उघडिली. प्रथम बटणास लांब दोरी जोडोन ती पलंगाचे कडेने उशापर्यंत आणिली, तो औषधांची ट्रॉली आली आणि तिचे चाकाने दोरीचा शिरच्छेद केला. मग छतातून नवी तार नेण्याचे मनात आणोन ते भैयाजींकडे गेले. भैयाजी हे खोट्या छताचे ठेकेदार, आणि त्यांची रीत ऐसी की, इतरांच्या तारा, नळ्या, पाइप ओढोन होवोत न होवोत, आपण छत बंद करोन, रंग देऊन, खाली खुर्ची टाकोन बसावे. त्यांनी वकिली सर्व ऐकिली आणि जबाब दिला.

"सुशीलभाऊ, छताले बोट लावाचं नाही. काल रंग मारला. तार टाकाची होती तं आधी काहून नाही सांगितलं?"

आधी, म्हणजे पलंग फिरण्याचे आधी, हे कसे सांगावे, याचा खुलासा भैयाजींनी केला नाही.

तेव्हां सुशीलरावांस तिसरी मसलत सुचली, आणि ती खरोखर उत्तम होती. टीव्हीची तार आणि घंटीची तार एकाच जातीच्या, दोन्ही जिन्याजवळच्या तारांच्या खोलीत येऊन मिळतात. तेथे त्यांची टोके अदलाबदल करावी, टीव्ही उत्तरेच्या भिंतीस न्यावा, घंटी दक्षिणेस आणावी, छतास धक्का न लागता दोघेही आपापले जागी पोहोचतील. ही अर्जी घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले की मसलत नामी आहे, परंतु उद्घाटनास पाहुणे मंडळी मजला फिरणार, प्रत्येक टीव्हीवर आपल्या जीवनकार्याची फिल्म चालणार, ऐन वेळी टीव्ही काढिला आणि परत लागला नाही तर अब्रू जाईल. सबब टीव्हीस हात लावू नये. घंटीचे पुढे पाहू. रोग्याने बोलावावे कसे, हा सवाल रोग्याचा. फिल्म दिसावी कशी, हा सवाल इस्पितळाचा.

उद्घाटनाचे आदले दिवशी वच्छलाबाई तपासणीकरिता आल्या. सुशीलराव त्या समयी तळमजल्यावर स्पीकरांची चाचणी घेत होते आणि सनईचा ऐसा गजर चालला होता की शेजारच्या इस्पितळातील रोगीही उठोन बसले. वर बायजाबाईंनी वच्छलाबाईंस हाती धरोन खोली दाखविली, दक्षिणेस निजण्याचे पुण्य सांगितले, वच्छलाबाईंनी मान डोलविली, आणि मग बायजाबाई प्रत्यक्ष दाखविण्याकरिता स्वतः पलंगावर आडव्या जाहल्या, कठडे वर केले, आणि पलंगाची एक कळ दाबिली. पलंग विजेचा. पाठ वर येऊ लागली, गुडघेही वर येऊ लागले, आणि बाई मधोमध अडकल्या. कठड्याची खिट्टी सापडेना. "अवं, कोणी हाय का वं?" ऐसी हाक त्यांनी वारंवार दिली. खाली सनई वाजत होती. वच्छलाबाईंस खिट्टी उमगेना आणि ओरडण्याची बंदी. त्या पलंगाचे पायथ्याशी चालत गेल्या आणि बटण दाबिले.

लाल दिवा लागला, मेजावर नाद जाहला, कामिनी सिस्टर धावल्या, आणि मोबाइलवर घंटीची खबर येताच, हे कोणते खोलीचे बटण, म्हणोन सुशीलराव सनई सोडोन वर धावले. बायजाबाईंस सरळ करण्यात आले. त्यांनी पदर सावरिला, पायथ्याची घंटी पाहिली, वच्छलाबाईंकडे पाहिले, आणि प्रथमच त्यांचा आवाज लहान जाहला.

"ही बाई नसती तं? मी एकटी असती तं कोणाले बोलावलं असतं?"

मग आवाज पूर्वपदावर आला आणि साहेबांस पाचारण जाहले. साहेब फिल्मविषयी काही बोलू गेले.

"तुहा सिनेमा पायाकडं लाव, पेशंटले दिसन तरी. घंटी हाताशी आण. आत्ताच."

ही तीच मसलत, जी सुशीलरावांनी पूर्वी अर्ज करोन मांडिली होती. परंतु मसलत कोणाचे मुखातून निघते यावर तिचे शहाणपण ठरते. साहेबांनी तत्काळ मान हलविली, सुशीलरावांनी फौज लाविली, टीव्ही उतरले, भिंतींस भोके पडली, तारांची टोके बदलली, आणि घंटी उशास आली. दुसरे दिवशी उद्घाटन थाटात जाहले. उलट्या नकाशावाल्यास शाल मिळाली, भैयाजी छताखाली फोटोस उभे राहिले, साहेबांची फिल्म सर्व पायथ्यांशी झळकली. घंटीचा उल्लेख कोणी केला नाही.

मग शस्त्रक्रिया यशस्वी जाहली. वच्छलाबाई दक्षिणेस डोके करोन निजल्या, गळ्यास पट्टी, हातात बटण. सुशीलराव दाराबाहेर उभे, नजर दिव्यावर. दिवा लागेना, तसा त्यांस आपल्याच तारेचा संशय येऊ लागला. आणि मग दिवा लागला. कामिनी सिस्टर धावत आत गेल्या, आणि वर्तमान घेऊन आल्या की आईस पडदा सरकवून पाहिजे होता. पुन्हा दिवा लागला, पंखा कमी करणे होता. पुन्हा लागला, टीव्हीवरचे डॉक्टरसाहेब बंद करणे होते. पुन्हा लागला, बाहेर उभा आहे तो पोरगा जेवला की नाही, हे खुणेने विचारणे होते. बाजारास पुरणारी सारी हाक त्या बटणातून निघू लागली, आणि संध्याकाळपावेतो सिस्टरांचा दम निघाला.

"सुशीलभाऊ, पाया पडते तुमच्या, आईची घंटी परत पायाशी लावून द्या ना."

सुशीलरावांचे डोळे भरोन आले होते. ते म्हणाले, "नाही वं ताई. वाजू द्या. आई बोलून राहिली."

येणेप्रमाणे धंतोलीचे मुक्कामी घंटी उशास आली, तारांची फत्ते जाहली, रोग्यास वाचा मिळाली. हे लिहितेसमयी तिसरे मजल्यावर दिवा लागला असे, आणि सिस्टर निघाल्या असेत.